गाडी तापली

मराठीत गाडी तापते. तिला कोणी तापवीत नाही. दूध आपण तापवतो, तवा तापवतो, आंघोळीचे पाणी तापवतो. गाडीच्या बाबतीत मात्र हे प्रयोजक रूप आमच्या कानांवर कधी आले नाही. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला विचारले, तर तो म्हणतो, 'गाडी गरम झाली.' पट्टा तुटला, पाणी संपले, गॅस्केट उडाले. सगळी वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत आणि एकाही वाक्यात माणूस नाही. क्रियापदविचार शिकवताना ही उदाहरणे आम्ही आजवर वर्गात घेतली नाहीत, कारण त्यांतले एक उदाहरण आमच्या घरचे आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो. आमच्या इमारतीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट उभी असते. ती अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची नोकरी झाली, आणि १९८२ साली आपल्या एका वरिष्ठांकडून त्यांनी ही गाडी विकत घेतली. सोसायटीतली मुले तिला 'व्हिंटेज' म्हणतात. या शब्दाचे मूळ द्राक्षांच्या हंगामात आहे, आणि इंग्लंडातल्या मोटारवेड्यांच्या हिशेबाने तो १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच लावावा लागतो. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे आमची बसते. अडचण एवढीच, की तशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर पडू शकते. नोंद करावी की करू नये, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. अभिजात दर्जा मिळालेल्या गोष्टीशी आपला रोजचा व्यवहार वाढतो की घटतो, हा प्रश्न २०२४ च्या ऑक्टोबरपासून मराठीच्या प्राध्यापकांना तसा अपरिचित राहिलेला नाही. असो.

गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली आणि १९४७ साली तिच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रहही १९४७ चाच. यंत्रयुगाची संवेदना मराठी कवितेत त्यांनी आणली, असे आम्ही दर वर्षी सांगतो. त्याच वर्षी कुर्ल्यात काय चालले होते हे मात्र आम्हांला गाडीच्या निमित्ताने कळले. 'डिलाइट' १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ साली त्याच गाडीचे नामकरण 'पद्मिनी' असे झाले. चितोडच्या ज्या राणीची कथा जोहाराच्या आगीत संपते तिचे नाव घाटात तापणाऱ्या गाडीला द्यावे, यामागे कोणाचा विनोद नसावा. आमची गाडी या बारशाच्या आधीची असल्यामुळे तिच्यावर हा प्रसंग ओढवला नाही. तापते मात्र ती पद्मिनीसारखीच.

अण्णांची एक वही होती. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, सरकारी मोजमाप-वहीच्या धर्तीवर आखलेली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, पाणी आणि शेरा असे पाच रकाने. पाण्याचे माप लिटर नव्हे, तांब्या. डिकीत पाण्याचा कॅन असे आणि त्याच्या शेजारी, जुन्या पंचात गुंडाळलेला, एक पितळी तांब्या. पुण्याला आत्यांकडे जायचे झाले की वहीत ओळ पडे: 'खोपोली पाव. शिंगरोबा अर्धा. खंडाळा पाव.' सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या प्रवासांत हे आकडे फारसे हललेले दिसत नाहीत.

द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तेव्हा आमच्या ओळखीतले सगळे त्यावरून पुण्याला जाऊ लागले. अण्णा मात्र पळस्पे, चौक, खालापूर, खोपोली असे जुन्या रस्त्यानेच जात राहिले. कारण विचारले तर म्हणत, 'तिकडे थांबायला जागा नाही.' खोपोलीला ते थांबत, तेव्हा गाडी तापलेली नसेच. घाट अजून सुरूही झालेला नसे. आम्ही चुळबुळत असू. अण्णा शांतपणे बॉनेट उघडत, पट्ट्यावर अंगठा दाबून बघत, रबरी नळ्यांवरून हात फिरवत, जमिनीवर वाकून काही ठिबकते आहे का ते पाहत. 'तिला जरा दम खाऊ दे,' असे वर म्हणत. पण दम खाण्याइतके त्या बिचारीने काही केलेलेच नसे.

खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीत सुमारे पाचशे मीटरचे अंतर आहे. आगगाडीलाही हा घाट एकटीने चढवत नाही. चढ सदतिसास एक असा, म्हणून कर्जतला तिच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. (या लोहमार्गाच्या बोगद्यांचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वालचंदांच्या कंपनीने केले होते. पुढे ज्या डोंगरात त्यांच्या कारखान्याच्या गाड्या धापा टाकणार होत्या, तो डोंगर त्यांनी आतून आधीच पाहून ठेवला होता, असे म्हणायचे.) मोटारीला मागून ढकलणारे कोणी नसते. घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना या डोंगरातली वाट ज्या धनगराने दाखवली त्याचे ते ठाणे, असे सांगतात, आणि वाट दाखवल्याचे बक्षीस म्हणून त्याला प्राण गमवावे लागले, असेही सांगतात. ट्रकवाले तिथे नाणे टाकतात. अण्णा नाणे टाकत आणि अर्धा तांब्या पाणी गाडीला घालत. समोर डोंगरावरून टाटांच्या वीजगृहाचे नळ उतरलेले दिसतात. १९१५ सालापासून लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरते आहे. ओव्हरसियरच्या डोळ्यांना ते दिसणारच. 'अख्खा तलाव खाली येतोय, आणि आपण कॅन घेऊन वर चाललोय,' असे ते दर खेपेला म्हणत, आणि दर खेपेला स्वतःच हसत.

या गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला पाण्याने वाहून न्यायचा असतो. पाणी इंजिनात फिरवणारा पंप आणि रेडिएटरवर वारा घेणारा पंखा या दोघांना एकच पट्टा फिरवतो, आणि त्या पट्ट्याला फिरवते खुद्द इंजिन. यातून एक उलटा नियम निघतो, जो आम्हांला कळायला बरीच वर्षे लागली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाणारी गाडी आपल्याला सोशीक वाटते. पण इंजिन मंद म्हणून पंखा मंद, पंप मंद, आणि भार मात्र पुरा. दुसरा गिअर टाकला की आवाज वाढतो, बरोबरचे पाहुणे घाबरतात आणि गाडी मात्र थंड राहते. याच न्यायाने घाटापेक्षाही धोक्याची जागा म्हणजे आमच्या घराजवळचा सपाट कळंबोली चौक. मे महिन्याच्या दुपारी तिथे वाहतूक तुंबली की इंजिन जागेवर नुसते गुरगुरत राहते, वारा येत नाही, आणि आजूबाजूच्या ट्रेलरांची धग तेवढी येते. अशा वेळी आम्ही सरळ इंजिन बंद करतो. मागच्यांचे हॉर्न ऐकून घेतो.

पाण्याचा प्रश्न वेगळा. आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी इतके जड, की बादलीच्या कडेला पांढरे वळ उमटते. तेच वळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढते. हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर जे चित्र काढून दाखवतात, तेच इथे. म्हणून आम्ही पावसाचे पाणी धरतो. पहिला आठवडा पत्रा धुऊन जाऊ द्यायचा, मग पागोळीखाली पिंप लावायचे. दोन पिंपे वर्षभर पुरतात. त्यात कूलंट मिसळायचे. कूलंटमुळे गंज धरत नाही, उकळबिंदूही थोडा चढतो. त्याला एक गोडसर वास असतो, चवही गोड असते म्हणतात, आणि ते विषारी असते. सांडलेले लगेच धुऊन काढावे लागते, कारण इमारतीतली कुत्री चाटतात. रेडिएटरचे झाकण हेही साधे झाकण नव्हे, कुकरच्या शिटीचे भावंड आहे. आत वातावरणाच्या निम्म्याइतका जादा दाब राखला तर पाणी शंभराऐवजी सुमारे एकशे अकरा अंशांवर उकळते. झाकणाचे रबर झिजले की हा लाभ गेला. त्यात खंडाळ्याच्या उंचीवर उघड्यावरचे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, हे सगळेच सांगतात. का उघडू नये, हे पाणी तोंडावर उडाल्याखेरीज कोणाला पटत नाही.

जुने मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतात. पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटीशी झडप. ती काढली की अडथळा गेला, गाडी थंड, असा हिशेब. आम्हीही एकदा काढली. त्या हिवाळ्यात गाडी सकाळभर थंडच राहिली, पेट्रोल जास्त पिऊ लागली, धूर काळा झाला. अण्णांनी काही न बोलता झडप परत बसवून घेतली. इंजिन थंड असावे असे कोणी म्हटलेलेच नव्हते. ते तापावे, पण उकळू नये, एवढेच होते.

आता २०१८ सालच्या मे महिन्याकडे यावे लागेल. तारीख सहा, वार रविवार. आत्यांची प्रकृती बरी नव्हती आणि अण्णांना त्यांना भेटायचे होते. अण्णांची गाडी चालवण्याची वर्षे तोवर संपली होती. ते मागच्या आसनावर बसले होते. त्याआधी दोन वर्षे आम्ही डॅशबोर्डाखाली तापमानाचा एक वेगळा काटा बसवून घेतला होता, आणि त्याचा आम्हांला भारी अभिमान होता. पट्ट्यावर अंगठा दाबण्याचे, नळ्यांवर हात फिरवण्याचे दिवस आमच्या मते सरले होते. खोपोलीला आम्ही थांबलो नाही. उशीर झाला होता, हे खरे. काटा मध्यावर होता, हेही खरे. शिंगरोबाला अण्णा म्हणाले, 'थांबायचं ना?' आम्ही म्हणालो, 'काटा ठीक आहे, अण्णा.' त्यांनी खिडकीतून नाणे टाकले.

पुढच्या वळणांवर काटा पाऊणपर्यंत चढला. आम्ही दुसरा गिअर टाकला. थोड्या वेळाने काटा उतरू लागला. 'उतरतोय,' असे आमच्यातले एक जण मोठ्याने म्हणाले, आणि आम्हांला सुटल्यासारखे वाटले. तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले, 'कसला तरी गोड वास येतोय. थांबव.' आम्ही थांबलो नाही. काटा उतरत होता. अण्णा दुसऱ्यांदा म्हणाले, 'अरे, थांबव रे.' त्यानंतरही आम्ही जवळपास दोन किलोमीटर गेलो, कारण रस्ता अरुंद होता, मागे ट्रक होता, आणि काटा उतरत होता.

काटा का उतरत होता, हे आता आम्ही कोणालाही समजावून सांगू शकतो. खालच्या नळीची क्लिप सैल होती. पाणी थेंबाथेंबाने आणि मग धारेने निघून गेले होते. काट्याची जाणीव पाण्यात बुडालेल्या एका बोंडातून येते. पाणीच उरले नाही, तेव्हा ते बोंड पोकळीत लोंबकळत राहिले आणि जे त्याला भेटले नाही त्याची खबर त्याने दिली नाही. गाडी अमृतांजन पुलाच्या अलीकडे आपणहून थांबली. वाफ आली नाही. वाफ व्हायलाही पाणी लागते. बॉनेटखालून फक्त धातू आकसल्याची टिकटिक ऐकू येत होती. अण्णा उतरून कठड्यावर बसले. आणि आम्ही दुसरी चूक केली: कॅन उचलला आणि थंड पाणी तापलेल्या इंजिनात ओतले. 'ओतू नका' हे अण्णांचे शब्द पाण्याच्या फुत्काराबरोबरच आमच्यापर्यंत पोहोचले. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. दोघांचे प्रसरण पावणे सारखे नसते, आकसणेही नसते. हेड वाकले. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी तेलाची दांडी ओढून दाखवली, तेव्हा तिच्यावर तेल नव्हते. दूध जास्त झालेल्या चहासारखे काहीतरी होते.

अण्णा आम्हांला बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. टॅक्सीने आत्यांकडे गेलो, रात्री त्यांनी वही मागवली आणि लिहिले: 'खंडाळ्याच्या अलीकडे गाडी तापली. पाणी संपले. हेड गेले.' ही त्यांच्या हातची शेवटची नोंद. गाडी पुन्हा चालू झालेली त्यांनी पाहिली नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये अमृतांजन पूल स्फोटाने पाडल्याची बातमी त्यांनी वाचली, १८३० सालचा पूल होता असे आम्हांला सांगितले, आणि त्या पावसाळ्यात ते गेले.

दुरुस्तीला आम्ही हात घातला तो त्यानंतर. हेड घासून सपाट करून आणले. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत गेले. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी निघाल्या तेव्हापासून तिथल्या फळ्याही रिकाम्या होत चालल्या आहेत, असा निदान आमचा अनुभव आहे. गॅस्केटचे दोन जोड आम्ही घरात, संदर्भग्रंथांच्या मागे, ठेवले आहेत. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. रेडिएटर पनवेलच्याच एका कारागिराने उघडला. त्याच्या टाक्या पितळेच्या, जाळी तांब्याची. त्याने सळ्या घालून नळ्यांतला क्षार बाहेर काढला, तो वाटीभर निघाला, आणि मग ज्या हाताने पूर्वी घागरी-हंड्यांना डाग देत असतील त्याच हाताने टाकीला डाग दिला. या कामाला डागच म्हणतात. कलंकालाही डाग म्हणतात, आणि सांधून टाकणाऱ्या कथलालाही. डागडुजीतला डाग कोणता, यावर आम्ही तिथे उभ्या उभ्या वाद घातला. कारागीर म्हणाला, 'हलू नका, कथील सांडेल.'

त्याच दिवसांत, जुन्या वर्षी कोणती नळी कधी बदलली ते शोधण्यासाठी, वही आम्ही पहिल्यापासून वाचली. पाठ्यपुस्तक वाचावे तशी, शेऱ्याच्या रकान्यासकट. आणि १९९१ साली एके ठिकाणी अडखळलो. 'चौकला गाडी तापली. पट्टा सैल होता, मी पाहिला नाही.' पुढे १९९७: 'पाणी कमी. मी निघताना भरले नाही.' २००४: 'झाकणाचे रबर गेलेले. मला माहीत होते.' साऱ्या वहीत गाडी सात वेळा तापली आहे. सहा वेळा शेऱ्यात 'मी' किंवा 'मला' आहे. सातव्या वेळी कोणी नाही.

ती वही मिटून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. वाक्याच्या रचनेवरून लेखकाचा हेतू शोधणे हा आमचा व्यवसाय आहे, आणि त्यात आम्ही पुष्कळदा नसलेला हेतू शोधतो, हेही आम्हांला ठाऊक आहे. रात्री थकलेल्या, पंच्याऐंशीच्या माणसाने तीन तुटक वाक्ये लिहिली असतील, एवढेही असू शकेल. आमच्यातल्या एकाचे मत अजून तसेच आहे. दुसरीचे नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत गाडी पुन्हा घाटाला लावली. पहाटे साडेपाचला निघालो. खोपोलीला थांबलो, पट्ट्यावर अंगठा दाबला, नळ्यांवरून हात फिरवला. काही झालेले नव्हते. चहा घेतला, वडा खाल्ला. शिंगरोबाला थांबलो आणि पेट्रोलच्या पंपावर ओला पंचा टाकला. पेट्रोलची नळीतच वाफ होऊ नये म्हणून अण्णा तसे करीत. वीस मिनिटे बसून राहिलो. दोन दुचाकीवाले गाडीबरोबर फोटो काढून गेले. वरती, पूल होता त्या जागेच्या अलीकडे, रस्त्याची बाजू जिथे थोडी रुंद आहे तिथे तिसऱ्यांदा थांबलो. काटा मध्यावर होता. काट्यावर आता आमचा राग नाही. पण त्याला एकट्याला विचारत नाही.

गाडी निवेपर्यंत वही काढली. आधी २०१८ चे पान उघडले. अण्णांच्या तीन वाक्यांच्या खाली दोन बोटे जागा होती. तिथे पेन्सिलने लिहिले: 'क्लिप सैल होती. आम्ही पाहिली नाही. थांबवा म्हटले, थांबवली नाही.' पेन्सिलने का, याला उत्तर नाही. त्यांच्या शाईशेजारी शाई लावायला हात धजला नाही. मग नवे पान आखले. तांब्याने मोजून पाणी घातले आणि रकान्यात लिहिले: खोपोली, काही नाही. शिंगरोबा, पाव. खंडाळा, पाव.